मोडलेल्या देवळांची यादी कोणी ठेवली?

आमचं बिऱ्हाड गिरगावातलं, त्याआधीचं घर मालवणकडचं. पण घरातल्या लग्नाची पहिली अक्षत जाते ती गोव्याला, कवळ्याच्या शांतादुर्गेला. लहानपणी देवीची ओटी भरून झाली की आजी देवळाच्या पायरीवर टेकायची आणि सांगायची, “ही आपली आई मूळची इथली नव्हे रे, केळशीची. फिरंग्यांच्या भयानं रातोरात इकडे आणली.” देव कसा घाबरतो, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “देव नाही घाबरत. माणसं घाबरतात, आणि देवाला उराशी धरून पळतात.”

मोठेपणी नकाशा समोर ठेवून त्या पळण्याच्या वाटा पाहिल्या. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला, कामाक्षी राय गावाहून शिरोड्याला, दामोदर मडगावाहून जांबावलीला. यातल्या बहुतेक वाटा झुआरी ओलांडून अंत्रुज महालात उतरतात. आज ज्याला आपण फोंडा तालुका म्हणतो तो हा महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. म्हणजे ख्रिस्ती राजाच्या मुलखातून निघालेले हिंदू देव मुसलमान सुलतानाच्या मुलखात सुखरूप राहिले. सोळाव्या शतकाचा निकाल एका वाक्यात लावणाऱ्यांनी ही एवढी गोष्ट आधी समोर ठेवावी.

ते शतक आता पुन्हा चर्चेत आलं आहे. पोर्तुगिजांनी पाडलेली देवळं पुन्हा उभी करण्यासाठी गोवा सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात २० कोटी रुपयांची तरतूद केली. पुढच्याच वर्षी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार पुरा झाला. त्यावरून दोन बाजू पडल्या आहेत. एका बाजूला वाटतं, ही नुसती सुरुवात आहे, जिथे जिथे देऊळ होतं तिथे तिथे ते पुन्हा दिसलं पाहिजे. दुसऱ्या बाजूला वाटतं, साडेचारशे वर्षांपूर्वीचं कशाला उकरता, शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्ट येईल. मला पहिलं पटत नाही आणि दुसरं त्याहूनही पटत नाही. जखम खरी आहे आणि तिचा हिशेब झालाच पाहिजे. पण तो हिशेब दगडांत सापडणार नाही. तो कागदांत आणि भाषेत आहे, आणि नेमकी तिकडेच आपण मराठी बोलणाऱ्यांनी साठ वर्षं पाठ फिरवली आहे.

आधी जखमेविषयी, कारण ती झाकून पुढचं काही बोलणं खोटं ठरेल. अफोन्सो दी अल्बुकर्कने १५१० साली तिसवाडी, म्हणजे आजच्या पणजीभोवतीचा बेटांचा मुलूख, जिंकली. पहिली तीस वर्षं देवळांना फारसा धक्का लागला नाही. गावकऱ्यांशिवाय महसूल येत नव्हता; १५२६ साली अफोन्सो मेशियाने गावकारीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमीन-कारभाराचे, जुने हक्क आणि चालीरीती लिहून घेतल्या आणि मान्यही केल्या. वारं फिरलं ते १५४० च्या सुमारास. तिसवाडीतली देवळं त्या काळात गेली. १५४३ साली तिसवाडीच्या उत्तरेची बार्देश आणि दक्षिणेची साष्टी पोर्तुगिजांकडे आली, आणि १५६६-६७ मध्ये रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याने एकट्या साष्टीत २८० च्या आसपास देवळं जमीनदोस्त केली. पूजा बंद झाली, पुजारी हाकलले गेले, लग्नमुंजींवर बंधनं आली. १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायासन, आलं. मध्ये १७७४ ते १७७८ ही चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत ते गोव्याच्या मानगुटीवर बसून होतं. गार्सिया द ऑर्ताने इथल्या वनस्पती आणि औषधांवर लिहिलेला थोर ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. हाच ऑर्ता मुंबई बेटाचा पट्टेदारही होता. तो १५६८ मध्ये वारला, आणि तो गुप्तपणे यहुदी होता असं ठरवून १५८० साली त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळण्यात आली. त्याच्या बहिणीला त्याआधीच, १५६९ मध्ये, जिवंत जाळलं होतं.

हे वाचताना संताप येतो आणि यायलाच हवा. पण इन्क्विझिशनच्या दप्तरात बहुतांशी नावं कोणाची असत, हा प्रश्न आपण विचारत नाही. या न्यायासनाचा मुख्य अधिकार चाले तो बाप्तिस्मा घेतलेल्यांवर. म्हणजे ज्यांनी देव बदलला पण दारातली तुळस काढली नाही, लग्नात विडासुपारी दिली, जुन्या पद्धतीने धोतर नेसले, आजारी मुलासाठी नदीपलीकडच्या देवीला नवस बोलले, ते कचाट्यात सापडत. १७३६ साली अशा चालींची लांबलचक यादी काढून त्यांवर बंदी घातली गेली. दोनशे वर्षं उलटूनही त्या चालूच होत्या, याचा हा सरकारी पुरावा. आज साष्टीतला ख्रिस्ती माणूस आहे तो छळ करणाऱ्यांचा वारस नव्हे. ज्यांच्या पणज्यांना त्या कोठड्यांत बसवलं त्यांचा तो वारस आहे. माझे पूर्वज देवी उचलून नदीपार गेले, त्याचे पूर्वज जमीन धरून मागे राहिले. नदीच्या दोन तीरांवरचं दुःख एकच होतं. त्याच्या चर्चच्या पायाखाली माझं देऊळ शोधायचं तर मी दार ठोठावणार तेही माझ्याच भाऊबंदाच्या घराचं.

सप्तकोटेश्वराचं उदाहरण दोन्ही बाजू देतात, पण ते पुरतं कोणी सांगत नाही. हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. दिवाडी बेटावरचं त्याचं देऊळ चौदाव्या शतकात बहमनींच्या स्वारीत मोडलं. विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभं केलं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पुन्हा पाडलं आणि लिंग विहिरीच्या काठाला लावलं. तिथून भाविकांनी ते काढून नदीपलीकडे, डिचोलीच्या भतग्रामात, नार्व्याला नेलं. शिवाजी महाराजांनी १६६८ साली देऊळ बांधायला लावलं ते तिथे, नार्व्याला. दिवाडी तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होती, हे खरंच. तरी देव जिथे पोहोचला होता आणि त्याची माणसं जिथे होती तिथे महाराजांनी छत्र धरलं, ही गोष्ट उरतेच. नार्व्याच्या देवळाच्या डागडुजीवर पैसा खर्च झाला याचं मला समाधान आहे. ते जितं देऊळ आहे. माझा आक्षेप आहे तो ज्या जागी आता ना भक्त ना देव, तिथे भिंती उभारून आपण इतिहासाला न्याय दिला असं मानण्याला.

मग शीर्षकातला प्रश्न. कोणत्या गावात कोणतं देऊळ होतं हे आज आपल्याला कशावरून कळतं? ज्यांनी पाडलं त्यांनीच लिहून ठेवलं म्हणून. देवळं गेली तरी त्यांच्या जमिनी जागेवरच होत्या. त्यांचं उत्पन्न चर्चकडे आणि जेझुइट या मिशनरी संघाच्या कॉलेजांकडे वळवायचं, तर आधी मोजदाद हवी. म्हणून फोराल नावाची दप्तरं तयार झाली. अमुक गावात अमुक देवाचं अमुक शेत, त्यातलं गुरवाकडे इतकं, घाडीकडे इतकं, भाविणींकडे इतकं, वाजंत्र्यांकडे इतकं. मोडणाऱ्याने वसुलीसाठी केलेली ही नोंद म्हणजे त्या नष्ट झालेल्या जगाचं जवळपास एकमेव चित्र आहे. कोणता ग्रामदेव कोणाशेजारी बसत होता, कोणाला मान होता, देवळाभोवती किती जातींची पोटं भरत होती, हे सगळं त्यात आहे. आणि ते पोर्तुगीज भाषेत आहे.

गोव्यात १५९५ साली दप्तरखाना स्थापन झाला आणि दियोगु दु कौतु हा बखरकार त्याचा पहिला रखवालदार झाला. पणजीच्या पुराभिलेखागारात आजही ती परंपरा चालू आहे. विसाव्या शतकात सुमारे तीस वर्षं तिथे बसून पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागद वाचले, आणि मराठ्यांच्या इतिहासाला एक नवी बाजू मिळाली. त्यांच्यामागून त्या खुर्चीवर आपण किती मराठी अभ्यासक पाठवले? १९६१ नंतर पोर्तुगीज ही परक्या सत्तेची भाषा म्हणून आपण सोडून दिली. गोवा मुक्त झाला तो दिवस माझ्याही घरी पेढे वाटण्याचा होता, पण सत्ता गेल्यावर तिच्या भाषेतले कागद आपल्या मालकीचे झाले, हे आपल्या ध्यानात आलं नाही. मोडीसाठी निदान वर्ग निघतात. सोळाव्या शतकातलं पोर्तुगीज हस्ताक्षर लावून वाचेल असा मराठी विद्यार्थी शोधायला गेलात तर बोटांवर मोजता येतील.

आता भाषेकडे येतो, कारण माझा खरा जीव तिथे गुंतला आहे. थॉमस स्टीफन्स हा विल्टशरमध्ये जन्मलेला इंग्रज जेझुइट १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाला आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, तो मुख्यतः साष्टीत राहिला. भावाला १५८३ साली लिहिलेल्या पत्रात त्याने नोंदवलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. तुलनात्मक भाषाशास्त्र हा शब्दही जन्मला नव्हता तेव्हाचं हे निरीक्षण. १६१६ साली रायतूरला त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळजवळ ११,००० ओव्यांचं. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत बायबलची कथा. मराठीचं कौतुक करताना त्याने खड्यांतलं रत्न, फुलांतली मोगरी, सुगंधांतली कस्तुरी अशा उपमा दिल्या, त्या प्रत्येक मराठी शिक्षकाला पाठ असतात. मी पंचवीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं आणि बहुतेक वर्षी त्या ओव्यांवरच थांबलो. परक्या माणसाने आपल्या भाषेची स्तुती केली, याचा आनंद वर्गाला वाटून पुढे सरकलो. ती माझी चूक होती.

कारण त्याच ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. साष्टीतल्या एका चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण देऊन झाल्यावर एक ब्राह्मण पुढे येतो. तो नवा ख्रिस्ती झालेला आहे. तो पाद्रीबाबांना अदबीने सांगतो की आमची जुनी पुराणं तुम्ही आम्हाला वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला काही द्या. सबंध सोळावं शतक त्या मागणीत आहे. तो माणूस धर्म बदलून बसला आहे, पण सांज झाल्यावर पुराण ऐकायची सवय त्याच्या कानांतून गेलेली नाही. नवा देव त्याने घेतला, ओवीशिवाय तो देव त्याच्या घरात शिरत नाही. स्टीफन्सला हे कळलं. प्रस्तावनेत तो सांगतो की अवघड जुने शब्द सोडून मध्यम लोकांना उमगतील असे इथले शब्द आपण मिसळले. त्यात कोंकणी भरपूर आहे आणि कोंकणी भाषकांचाही या ग्रंथावर हक्क आहे. त्यावरून भांडण नको. छपाईसाठी नागरी खिळे नव्हते, म्हणून हे मराठी पुराण रोमन अक्षरांत छापलं गेलं. आणि त्याच्या मुखपृष्ठावर परवानगी होती ती इन्क्विझिशनची.

ही शेवटची गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही. पुराणं हिरावणारी सत्ता आणि पुराण देणारा कवी एकाच छपराखाली होते. स्टीफन्सचं मराठीवरचं प्रेम खरं होतं आणि तो ज्या यंत्रणेचा भाग होता तिची जबरदस्तीही खरी होती. एकीने दुसरी पुसत नाही. दिवाडीवरच्या एका ब्राह्मणाच्या घरातून १५५९ च्या सुमारास पोथ्या उचलून नेल्या गेल्या, त्या हिंदू धर्माचं खंडन करता यावं म्हणून. साष्टीतल्या जेझुइटांनी रामायण-महाभारताच्या मराठी-कोंकणी कथा रोमन अक्षरांत उतरवून घेतल्या, हेतू तोच. मूळ पोथ्या गेल्या. उतरवलेली बाडं पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात उरली, आणि आज गोव्यातल्या सोळाव्या शतकातल्या गद्याचा नमुना पाहायचा तर तिथे जावं लागतं. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत, चर्चमध्ये आणि घराघरांत तो गाणाऱ्या माणसांमुळे. त्यांच्यातली बरीच पुढे मंगळूरकडे गेली. १९०७ साली तिथेच तो पुन्हा छापला गेला. नागरी लिपीतलं एक हस्तलिखित लंडनला आहे. १६८४ साली तर व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत देशी भाषा सोडून सर्वांनी पोर्तुगीज बोलावं. पुराण दिलं त्याच सत्तेने सत्तर वर्षांच्या आत ज्या भाषेत ते दिलं तीच सोडायला सांगितली. लोकांनी ऐकलं नाही, हे आपलं भाग्य.

असं फक्त गोव्यात झालं नाही. मेक्सिकोच्या युकातान प्रांतात दिएगो दे लांदा या धर्मगुरूने १५६२ साली मानी गावात माया लोकांच्या पोथ्या आणि मूर्ती जाळल्या. आज सगळ्या जगात माया पोथ्या उरल्या आहेत चार. त्याच लांदाने नंतर माया लोकांच्या चालीरीतींवर सविस्तर लिहिलं आणि त्यांच्या लिपीतली काही चिन्हं एका तक्त्यात मांडली. त्याची समजूत चुकीची होती, पण चिन्हं खरी होती. १९५२ साली युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत विद्वानाने त्याच तक्त्याचा धागा धरून ती लिपी उलगडायला सुरुवात केली, आणि पुढे माया वंशाच्या मुलांना आपल्या राजांची नावं दगडांवर वाचता येऊ लागली. जाळणाऱ्याच्या टिपणातून जळालेल्यांची भाषा परत मिळाली. टिपण अपवित्र मानून कोणी हात लावला नसता तर ते घडलं नसतं.

म्हणून मी म्हणतो, त्या २० कोटींतला मोठा वाटा कागदांना द्या. गोव्याने आणि महाराष्ट्राने मिळून फोरालची पानं गाववार छापावीत, शेजारी मराठी आणि कोंकणी तर्जुमा द्यावा, आणि ते कोणालाही घरबसल्या पाहता यावं. कुठ्ठाळीच्या मुलाला, तो हिंदू असो की ख्रिस्ती, आपल्या वाड्यावर १५६७ साली कोण राहत होतं हे वाचता यावं. ब्रागा आणि लंडनच्या बाडांच्या उत्तम प्रती मागवाव्यात. आपल्या विद्यापीठांच्या इतिहास विभागांत जुन्या पोर्तुगिजीसाठी कायमची जागा हवी, शिष्यवृत्तीसह. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्ताने काय करावं याच्या याद्या तेव्हापासून निघत आहेत. माझ्या मते या कामाने सुरुवात करण्याइतकं निकडीचं दुसरं काही नाही, कारण हे कागद दमट हवेत आहेत आणि वाचणारी माणसं म्हातारी होत आहेत. इन्क्विझिशनच्या गोव्यातल्या दप्तराचा मोठा भाग तर ते बंद झालं तेव्हाच जाळण्यात आला. जे जळलं त्याचा शोक करायचा आणि जे वाचलं ते वाचायचं नाही, याला काय म्हणावं?

यावर एक आक्षेप मला आपल्याच लोकांकडून ऐकू येतो. धर्मप्रसारासाठी लिहिलेला ग्रंथ मराठी साहित्यात मानाने कशाला बसवायचा? या प्रश्नामागचं दुखणं मी समजतो. पण मग मराठी कोणाची, हेही ठरवावं लागेल. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती घरांत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलली गेली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष म्हणून लाभले, तेव्हा त्यांच्या निवडीला केवळ त्यांच्या धर्मामुळे विरोध झाला. मला त्याची फार लाज वाटली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. भीमाशंकरच्या घंटेवर अजून १७२९ हे साल कोरलेलं आहे. ती घंटा वाजवताना आपल्याला परकी वाटत नाही. बटाटा, काजू, पाव, साबण, चावी, पगार, लिलाव, तुरुंग हे सगळे शब्द त्याच गलबतांतून आले आणि आपले झाले. मग आपल्याच ओवीत, आपल्याच भाषेत लिहिलेलं पुराण तेवढं परकं कसं?

ते शिकवताना मात्र पुरतं शिकवावं. मोगरीची ओवी, मुखपृष्ठावरची परवानगी आणि कुंकळ्ळी हे एका तासाला सांगावं. १५८३ च्या जुलैमध्ये, देवळं पाडण्याला आणि कराला विटलेल्या कुंकळ्ळीच्या गावकरांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यांतला रुदोल्फो आक्वाविवा अकबराच्या दरबारातून नुकताच परतला होता. नंतर बोलणीच्या निमित्ताने गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. मेलेल्या पाद्र्यांना चर्चने १८९३ साली धन्य, म्हणजे संतपदाच्या एक पायरी खालचे, घोषित केलं; मेलेल्या गावकरांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहायला फार उशीर लागला. स्टीफन्स तेव्हा चार वर्षं गोव्यात होता.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा त्या धामधुमीत फातर्प्याला गेली ती तिथेच राहिली. दर फाल्गुनात, शिगम्याच्या दिवसांत, तिची रुप्याची मूर्ती गुलालात न्हात कुंकळ्ळीला तिच्या मूळ जागी येते. बरोबर बारा वांगडांच्या, म्हणजे गावकरांच्या मूळ घराण्यांच्या, बारा छत्र्या असतात आणि गावच्या ख्रिस्ती गावकरांचाही त्यात मान असतो. जुन्या जागी घटकाभर थांबून ती संध्याकाळपर्यंत फातर्प्याला, आपल्या घरी, परत जाते.